धागा: टीडीसीएसमध्ये दुसरा इलेक्ट्रोड कुठे लावायचा? (डावा मोटर कॉर्टेक्स, हाताची बोटं, स्ट्रोकनंतर)

विटावा_बायोमेड

नमस्कार मंडळी. ठाणे-नवी मुंबईतल्या रिहॅबमध्ये काम करणारे फिजिओ, ईईजी टेक्निशियन आणि मॉडेलिंग करणारे, सगळ्यांसाठी हा धागा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्लिनिकमध्ये होणाऱ्या टीडीसीएसबद्दलच (डोक्यावर पॅड लावून मेंदूला सौम्य, स्थिर करंट देणं) इथे बोलायचं आहे.

नेहमीची मांडणी सगळ्यांना पाठ आहे. अ‍ॅनोड (धन पॅड) सी३वर, म्हणजे डाव्या मोटर कॉर्टेक्सवरच्या बिंदूवर, कॅथोड (ऋण पॅड) उजव्या भुवईच्या वर, ५×७ सेंमीचे स्पंज, १ ते २ मिलिअँपिअर, २० मिनिटं. निट्शे आणि पाउलुस यांनी २०००मध्ये याच जोडीने मोटर कॉर्टेक्सची (हालचाल चालवणाऱ्या मेंदूच्या भागाची) उत्तेजनक्षमता बदलते हे दाखवलं आणि तेव्हापासून ही जोडी घट्ट बसली. अ‍ॅनोडची जागा आपण टेप लावून मोजतो. कॅथोडची जागा मात्र सवयीनेच ठरते. माझं म्हणणं असं की निम्मा निर्णय तिथेच चुकतो.

पॅडच्या बरोबर खाली सगळ्यात जास्त करंट जातो, ही समजूत आधी काढून टाकूया. सिमनिब्स या डोक्यातल्या करंटचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ धरलेल्या वाहकता बघा (सीमेन्स प्रति मीटर): त्वचा ०.४६५, कवटीचं हाड ०.०१०, मेंदूभोवतीचं पाणी म्हणजे सीएसएफ १.६५४, ग्रे मॅटर ०.२७५, व्हाइट मॅटर ०.१२६. हाड त्वचेपेक्षा चाळीसपटींहून जास्त अडवतं, म्हणून बराचसा करंट आत न शिरता त्वचेतूनच दुसऱ्या पॅडकडे पळतो. जो आत शिरतो तो सीएसएफमध्ये पसरतो. सी३ ते भुवई या जोडीत सर्वात मोठं विद्युत क्षेत्र दोन पॅडच्या मधे, म्हणजे मोटर कॉर्टेक्सच्या पुढे फ्रंटल भागात सापडतं. आपल्याला बोटं हलवायची आहेत आणि जोर पडतो कपाळामागे.

तर मग रिटर्न, म्हणजे दुसरा पॅड, कुठे ठेवावा?

नौपाडा_फिजिओ

दादा, मुद्दा पटला. पण आमच्याकडे बहुतेक रुग्णांचा एमआरआय म्हणजे स्ट्रोकच्या दिवशी काढलेला नेहमीचा स्कॅन, ५ मिमी जाडीच्या स्लाइसचा. त्यावर मॉडेल बनेल का? आणि मॉडेल नसेल तर काय धरून चालायचं? ४×१ची रिंग (मधे एक, भोवती चार छोटे इलेक्ट्रोड) घेतली की प्रश्न सुटतो असं विक्रेते सांगतात, तेही बघा.

मेश_नेरुळ

ताई, तीन प्रश्न आहेत. आधी दिशेबद्दल बोलतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे.

विद्युत क्षेत्राला नुसतं मोठेपण नसतं, दिशाही असते. कॉर्टेक्समधले पिरॅमिडल न्यूरॉन त्या ठिकाणच्या पृष्ठभागाला काटकोनात उभे असतात. क्षेत्र त्यांच्या लांबीच्या दिशेने गेलं तर परिणाम जास्त, आडवं गेलं तर कमी. आता हाताचा भाग कुठे आहे? प्रीसेंट्रल गायरस या वळीच्या माथ्यावर थोडा, पण बराचसा सेंट्रल सल्कस या खाचेच्या पुढच्या भिंतीत. ती भिंत मागच्या बाजूला तोंड करून उभी आहे. म्हणजे वरून सरळ खाली येणारा करंट तिथल्या न्यूरॉनला आडवा लागतो. त्यांच्या रेषेत जायचं तर करंट मागून पुढे किंवा पुढून मागे गेला पाहिजे, आणि तोही सल्कसला काटकोनात. हाताच्या भागाशी सल्कस मध्यरेषेशी साधारण ४५ अंशांचा कोन करतो, त्यामुळे रेषा मागच्या-बाहेरच्या बाजूकडून पुढच्या-आतल्या बाजूकडे काढायची. टीएमएसची (चुंबकीय स्पंदाने मेंदू उत्तेजित करण्याची पद्धत) कॉइल आपण ४५ अंशात धरतो त्याचं कारणही हेच.

डोक्यावरचे बिंदू ठरवण्याच्या १०-१० पद्धतीत ही रेषा सीपी५ ते एफसी१ अशी पडते. सी३ या दोहोंच्या मधे येतो. थोडक्यात लक्ष्य पॅडच्या खाली न ठेवता दोन पॅडच्या मधे ठेवायचं. मॉडेल नसेल तर एम१ (मोटर कॉर्टेक्स) हातासाठी पहिली उमेदवार जोडी म्हणून मी हीच घेईन, सी३-भुवई नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. प्रौढ डोक्यावर हे दोन बिंदू साधारण १० सेंमी अंतरावर येतात. ५×७चे पॅड लावले तर कडांमध्ये जेमतेम तीन-चार सेंमी उरतात आणि करंट त्वचेतूनच शॉर्ट होतो. ५×५ घ्या, कडांमध्ये सुमारे ५ सेंमी राहतात. दुसरं, अ‍ॅनोड मागे ठेवला की करंट एम१च्या भिंतीत आत शिरतो, पण समोरच्या संवेदना-भिंतीतून बाहेर पडतो. शेजारच्या दोन भिंतींना उलटे परिणाम मिळतात. ‘अ‍ॅनोड म्हणजे उत्तेजना, कॅथोड म्हणजे दमन’ हे सूत्र इथे डोळे झाकून लावू नका.

आता ४×१. मधे सी३, भोवती एफसी१, एफसी५, सीपी१, सीपी५. ही मांडणी क्षेत्र एका जागी गोळा करते यात शंका नाही, आणि सर्वात मोठं क्षेत्र खरंच मधल्या इलेक्ट्रोडखाली येतं. पण ते मुख्यतः त्वचेकडून आत, सरळ उभं जातं. गायरसच्या माथ्यासाठी उत्तम, सल्कसच्या भिंतीसाठी तितकं नाही. शिवाय त्याच २ मिलिअँपिअरला मेंदूतलं क्षेत्र मोठ्या पॅडपेक्षा कमी मिळतं. रिंगची त्रिज्या वाढवली की तीव्रता वाढते आणि नेमकेपणा घटतो. तेव्हा ‘रिंग घेतली की प्रश्न सुटला’ हे खरं नाही. लक्ष्य माथ्यावर आहे की भिंतीत, यावर ते ठरतं.

विटावा_बायोमेड

अगदी. यात एक आकडा जोडतो. ३५ चौसेंमीच्या पॅडवर २ मिलिअँपिअर म्हणजे घनता ०.०५७ मिलिअँपिअर प्रति चौसेंमी. ५×५वर ०.०८. आणि १.२ सेंमी व्यासाच्या छोट्या इलेक्ट्रोडवर, क्षेत्रफळ साधारण १.१ चौसेंमी धरलं तर, जवळपास १.८. पॅडच्या तीसपट. म्हणून छोट्या इलेक्ट्रोडसाठी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड, होल्डर आणि भरपूर जेल लागतं. तिथे कार्बन रबर कापून लावणं म्हणजे त्वचा भाजायला बोलावणं.

मेश_नेरुळ

आता ऑप्टिमायझेशन. शब्द भारी वाटतो, आतली गोष्ट साधी आहे. डोक्याच्या जाळीवर (संगणकातल्या मॉडेलवर) १०-१० कॅपचे सगळे बिंदू बसवायचे. एक इलेक्ट्रोड संदर्भ म्हणून धरायचा आणि बाकी प्रत्येकाशी जोडी लावून १ मिलिअँपिअरला एकेक सिम्युलेशन चालवायचं. हे झालं लीडफील्ड. भौतिकी रेषीय असल्यामुळे पुढे कुठलीही मांडणी म्हणजे या सिम्युलेशनची बेरीज. रात्री लावून ठेवलं तर सकाळी तयार, आणि नंतर एकेक शोध काही सेकंदांत होतो.

त्यावर अटी घालायच्या: सगळ्या करंटची बेरीज शून्य, एकूण जास्तीत जास्त २ मिलिअँपिअर, एका इलेक्ट्रोडवर जास्तीत जास्त १. आणि मग विचारायचं काय, ते ठरवायचं. लक्ष्यावर ठरलेल्या दिशेने जास्तीत जास्त क्षेत्र हवं आहे, की बाकी मेंदूत कमीत कमी सांडलेलं हवं आहे? दोन्ही एकदम मिळत नाहीत. द्मोखोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ही ओढाताण गणितात मांडून दाखवली.

इथे एक सुंदर गोष्ट आहे. फक्त तीव्रता मागितली आणि एका इलेक्ट्रोडवरची मर्यादा काढून टाकली, तर उत्तर नेहमी दोनच इलेक्ट्रोडचं येतं, एक अ‍ॅनोड आणि एक कॅथोड. एका इलेक्ट्रोडला १ मिलिअँपिअरची अट घातली की दोन अ‍ॅनोड, दोन कॅथोड. म्हणजे दोन चॅनलचं साधं मशीन असेल तरी तीव्रतेच्या बाबतीत तुम्ही कमी पडत नाही, जागा मात्र हिशेबाने निवडा. आठ चॅनलचं मशीन लागतं ते नेमकेपणासाठी.

दिशा देताना चूक होते ती अशी: लक्ष्य बिंदू टाकतात आणि दिशेची जागा तशीच सोडतात. सॉफ्टवेअर मग पृष्ठभागाला काटकोन धरतं. बिंदू भिंतीवर पडला असेल तर ठीक. दोन मिलिमीटर सरकून माथ्यावर पडला तर काटकोनच बदलतो आणि वेगळीच मांडणी येते. म्हणून एक बिंदू न देता ५ ते १० मिमी त्रिज्येचा भाग द्या, दिशा स्वतः लिहा, आणि लक्ष्य ५ मिमी इकडे-तिकडे हलवून उत्तर टिकतं का बघा. टिकत नसेल तर ती मांडणी वापरू नका.

नौपाडा_फिजिओ

आणि एमआरआय? सेंटरला फोनवर नेमकं काय सांगू?

मेश_नेरुळ

५ मिमी स्लाइसवर कवटीची जाडीच दिसत नाही, ते चालणार नाही. असं सांगा: थ्रीडी टी१, १ मिमी आयसोट्रोपिक (तिन्ही दिशांना सारखं माप), आणि शक्य असेल तर त्याच मापाचा थ्रीडी टी२. टी२मुळे कवटी आणि सीएसएफची सीमा नीट सुटते. फील्ड ऑफ व्ह्यूमध्ये पूर्ण डोकं हवं, कान आणि नाक कापलेले नकोत; वेळ वाचवायला टेक्निशियन कानाशी कापतात आणि मग कानाचा संदर्भ बिंदूच हरवतो. फाइल डायकॉममध्ये मागा, फिल्मचा उपयोग नाही. ती निफ्टी फॉरमॅटमध्ये बदलून सिमनिब्सच्या चार्म या प्रोग्रामला दिली की विभागणी आणि जाळी दोन्ही होतात. रोस्ट हे दुसरं सॉफ्टवेअरही मोफत आहे, पण त्याच्या मूळ आवृत्तीला मॅटलॅब लागतं.

स्ट्रोकमध्ये इथे थांबायचं. जुन्या इन्फार्क्टच्या (रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाच्या) जागी पाण्याची पोकळी असते आणि स्वयंचलित विभागणी तिला कधी ग्रे मॅटर म्हणते, कधी व्हाइट. पोकळी म्हणजे १.६५, ग्रे मॅटर ०.२७५. सहापट फरक. करंट त्या पोकळीकडे वळतो, तिच्या काठाशी क्षेत्र चढतं आणि लक्ष्यावर कधी वाढतं, कधी घटतं, ते पोकळी दोन पॅडच्या रेषेत आहे की बाजूला यावर. म्हणून लीझन (इजा झालेला भाग) हाताने रंगवून सीएसएफ म्हणून द्या, मगच जाळी करा. क्रेनिओटॉमी किंवा बर होल असेल तर प्रकरण आणखी गंभीर, कारण हाडातल्या छिद्रातून करंट थेट आत घुसतो. अशा रुग्णाला साचेबंद डोस लावू नका, न्यूरोसर्जन आणि न्यूरोलॉजिस्टशिवाय पुढे जाऊ नका.

निरोगी डोक्यांमध्येसुद्धा त्याच मांडणीला, त्याच करंटला लक्ष्यावरचं क्षेत्र माणसागणिक दुपटीपर्यंत बदलू शकतं. २ मिलिअँपिअरला कॉर्टेक्समध्ये मिळतं ते साधारण ०.४ ते ०.८ व्होल्ट प्रति मीटर.

खारघर_विद्यार्थी

मग ज्याला कमी मिळतं त्याला ३ मिलिअँपिअर द्यावेत ना? हिशेबाने बरोबर पडेल.

विटावा_बायोमेड

मित्रा, हिशेब क्षेत्राचा आहे, परिणामाचा नाही. २०१३मध्ये बात्सिकाझे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १ मिलिअँपिअर कॅथोडल दिलं की मोटर कॉर्टेक्सची उत्तेजनक्षमता उतरते, आणि तेच २ मिलिअँपिअर २० मिनिटं दिलं की चढते. दिशा उलटली! करंट वाढवणं म्हणजे तोच परिणाम जास्त, असं नाही. सुरक्षिततेचा जो मोठा आढावा २०१६मध्ये आला त्यात ४० मिनिटं, ४ मिलिअँपिअर आणि ७.२ कूलंबपर्यंतच्या सत्रांत गंभीर इजा नोंदलेली नव्हती. २ मिलिअँपिअर २० मिनिटं म्हणजे २.४ कूलंब. जागा आहे, पण ती जागा प्रोटोकॉल आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीने वापरायची, एखाद्या दुपारी सुचलं म्हणून नाही.

आणि ९ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टर घेऊन घरी काही करायचा विचार असेल तर इथेच थांब. साध्या सर्किटमध्ये स्पंज सुकला, वायर निसटली तर करंट झटक्यात बदलतो. क्लिनिकच्या मशीनमध्ये स्थिर करंट, ३० सेकंदांचा चढ-उतार आणि इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) वाढला की आपोआप बंद होणं असतं. ते सगळं त्वचा आणि डोळ्यांसाठी आहे.

ईईजी_वाशी

मॉडेलवाल्यांनी एवढं केलं आणि खुर्चीवर एक सेंमी चुकलं तर सगळं वाया, म्हणून हातची बाजू लिहिते. थोडं लांबेल.

मोजणी. नेझिअन म्हणजे नाकाच्या मुळाशी जो खळगा आहे तो. टिकली लावतात ती जागा नाही. टिकली साधारण दोन सेंमी वर असते. नेझिअन ते इनिअन (डोक्यामागचा हाडाचा उंचवटा) अंतर ३६ सेंमी असेल तर सीझी, म्हणजे माथ्याचा मध्यबिंदू, नेझिअनपासून १८वर. टिकलीपासून मोजलंत तर अंतर ३४ दिसतं, मध्य १७वर येतो, म्हणजे खऱ्या नेझिअनपासून १९. सीझी एक सेंमी मागे गेला आणि त्यावरून मोजलेलं सगळंच मागे गेलं. टिकली काढायला सांगा, गोंद पुसा, बोटाने खळगा शोधा.

मग कानापुढच्या खाचेपासून पलीकडच्या खाचेपर्यंत सीझीवरून टेप. ३५ सेंमी असेल तर सी३ सीझीपासून डावीकडे २० टक्के, म्हणजे ७ सेंमी. टेप सीझीवरूनच गेला पाहिजे, पुढे घसरला तर कमान छोटी होते. विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे, हे खुर्चीच्या मागे उभं राहून एकदा मोठ्याने म्हणा. समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटतं. टीएमएस उपलब्ध असेल तर सी३वर न थांबता तर्जनीच्या स्नायूचा हॉटस्पॉट (सर्वात जास्त प्रतिसाद मिळतो ती जागा) शोधा आणि जोडीचा मध्य तिथे आणा. दोहोंत एक-दोन सेंमीचा फरक सर्रास निघतो. स्ट्रोकच्या बाजूला मात्र कधी प्रतिसादच मिळत नाही, तेव्हा एमआरआयवरूनच.

आता तेल. आपल्याकडे सर्वात जास्त गडबड यानेच होते. खोबरेल तेल करंट अडवतं. मीटर १५-२० किलोओहम दाखवतं, मग माणूस स्पंजवर आणखी सलाईन ओततो. सलाईन केसांतून पसरतं, मीटर खुशाल ३ किलोओहमवर येतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. प्रत्यक्षात ओला भागच आता इलेक्ट्रोड झालेला असतो. तुम्ही ५×५ लावलात, डोक्यावर ८×८ चाललाय, तोही कानाकडे ओघळलेला. म्हणून कमी इम्पिडन्स म्हणजे चांगलं बसलं असं समजू नका. बोटाने स्पंजच्या बाहेरचे केस चाचपा. ओले लागले तर टिपा आणि पुन्हा बसवा. आदल्या रात्री शाम्पू, सकाळी तेल नाही, कंडिशनर नाही, हे अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्येच लिहा. तरी तेल लावून आले तर केसांचा भांग पाडत साबणाच्या पाण्याचं गॉझ, मग साध्या पाण्याचं, मग कोरडं. घासू नका, खरवडलेल्या त्वचेवरच भाजतं. भांगात कुंकू असेल तर तेही धुऊन काढा, अंबाडा सोडून केस मोकळे करा.

सलाईन. नळाचं पाणी नको, त्याने त्वचेवर जखमा झाल्याच्या नोंदी आहेत. मेडिकलमधलं नॉर्मल सलाईन १५४ मिलिमोलर असतं. आरामासाठी सुचवलेली मर्यादा १५ ते १४०. १०० मिली सलाईन, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, झालं ७७. ५×७च्या स्पंजला दर बाजूला साधारण ६ मिली, सिरिंजने, सगळीकडे सारखं. ५×५ला त्याच प्रमाणात ४ ते साडेचार. भिजला पाहिजे, ठिबकता कामा नये. पट्टा फार आवळला तरी पिळून ठिबकतं.

पावसाळ्यात घाम. ठाण्यात जूनपासून कपाळ कोरडं राहत नाही, आणि जवळजवळच्या पॅडमध्ये घामाची पट्टी तयार झाली तर करंट तिथूनच जातो. खोली थंड करा, रुग्ण दहा मिनिटं बसू दे, मग लावा. एसीचा झोत मात्र थेट डोक्यावर नको, स्पंजची कड सुकते आणि तिथे टोचायला लागतं. दहाव्या मिनिटाला इम्पिडन्स बघा, वाढत असेल तर कडेला १ मिली सोडा. सत्रानंतर स्पंज साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. दमट हवेत डब्यात बंद ठेवले की बुरशी धरतात.

नौपाडा_फिजिओ

मॅडम, टिकलीचा हिशेब वाचून आमच्या फॉर्मवर ‘नेझिअन बोटाने शोधला’ अशी चौकटच घालते. एक विचारते, स्पंजमधल्या रबरच्या वायरचं टोक कुठल्या बाजूला असावं? आम्ही सोयीने कुठेही ठेवतो.

मेश_नेरुळ

ते सोयीवर सोडू नका. रबरचा स्वतःचा रोध असतो, त्यामुळे वायर जिथे जोडली आहे तिथे करंट जास्त उतरतो. जवळजवळच्या जोडीत वायरची टोकं एकमेकांकडे आणलीत की करंट आतल्या कडांवर गोळा होऊन त्वचेतूनच पळतो; दोन्ही बाहेरच्या बाजूला ठेवा. मॉडेलमध्ये टोक आणि पॅडचा कल जसा धरला असेल तसाच खुर्चीवर ठेवा आणि दर सत्राला वरून व डाव्या बाजूने, टेप डोक्यावर असताना फोटो काढा.

कोपरी_सायकिअ‍ॅट्री

डिप्रेशनसाठी एफ३-एफ४ (डोक्याच्या पुढच्या भागातले डावा-उजवा बिंदू) लावणाऱ्यांना हेच लागू होतं का?

विटावा_बायोमेड

तत्त्व तेच, डॉक्टर. एफ३ शोधायला बीम पद्धत वापरा, तीन मापांवर काम होतं: नेझिअन-इनिअन, कान ते कान आणि डोक्याचा घेर. पण अपेक्षा मोजून ठेवा. २०१७च्या ब्राझीलमधल्या चाचणीत टीडीसीएस एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या औषधापेक्षा कमी नाही हे सिद्ध करता आलं नाही. २०२३च्या जर्मन बहुकेंद्री चाचणीत १५० रुग्णांच्या विश्लेषणात एसएसआरआय गटातल्या डिप्रेशनच्या औषधांना जोडून दिलेला टीडीसीएस शॅमपेक्षा (खोट्या, करंटशिवायच्या सत्रापेक्षा) सरस ठरला नाही. दोन्हीकडे सगळ्यांना एकच ठरावीक मांडणी होती. प्रत्येकाच्या डोक्याप्रमाणे मांडणी केली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं का, हा प्रश्न खुला आहे, म्हणून रुग्णाला तसं आश्वासन देऊ नका.

खारघर_विद्यार्थी

आणि खोलवर? हिप्पोकॅम्पस वगैरे?

मेश_नेरुळ

पॅड कसेही लावा, वरच्या कॉर्टेक्सला खालच्यापेक्षा जास्तच मिळतं. टेम्पोरल इंटरफेरन्सचा मार्ग वेगळा आहे, २०१७मध्ये ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांत २ किलोहर्ट्झ आणि २.०१ किलोहर्ट्झच्या फरकातून १० हर्ट्झचा ठोका खोलवर मिळवला. त्यासाठी वेगळा धागा काढ, तिथे लिहितो.

ताई, तुमच्या रुग्णाचा थ्रीडी टी१ आला की नाव-नोंदणी क्रमांक काढून टाका, चेहऱ्याचा भाग सॉफ्टवेअरने पुसू नका (नाकाचं मूळ लागतं), आणि फाइल इथे न टाकता रुग्णालयाच्या परवानगीने आणि त्यांच्याच यंत्रणेतून पाठवा. लीझन कोणत्या स्लाइसपासून कुठवर आहे ते रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या. सीपी५-एफसी१ आणि सी३-भुवई दोन्ही चालवून भिंतीवरचा काटकोनातला घटक शेजारी-शेजारी काढू.